बरंवाईट म्हणजे काय

आमच्या घरात ‘मरण’ हा शब्द चालत नसे. आईचा कायदाच होता तसा. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’. डबीतलं कुंकू संपलं तर ‘कुंकू वाढलं’. एकदा मोरीतलं झुरळ मी चपलेनं मारलं आणि ‘मेलं एकदाचं’ म्हणाले, तर आई म्हणाली, ‘गेलं म्हण.’ मी विचारलं, ‘कुठे गेलं?’ मग चिमटा. आईचा चिमटा दंडाच्या आतल्या बाजूला बसायचा, आणि तो काढताना तिचा चेहरा समोरच्या पाहुण्यासाठी हसतमुखच असायचा.

असे चिमटे मी पुष्कळ खाल्ले, कारण मी जात्याच चोंबडी. गल्लीतल्या बायका मला चौकशीची खिडकी म्हणायच्या. रॉकेलवाल्याला, गॅसवाल्याला, पोस्टमनला, कुणालाही मी सोडत नसे. ‘का’ आणि ‘म्हणजे काय’ हे दोन प्रश्न माझ्या जिभेवरच असायचे. बाबांना त्याचं कौतुक होतं आणि आईला धसका.

आम्ही नाशिकला सिडकोत राहायचो. बाबा अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होते. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा आमच्या गल्लीत विमा म्हणजे एकच, विम्याचं कार्ड. कामगाराच्या पगारातून थोडं कापलं जायचं आणि त्या कार्डावर सगळ्या घरादाराला विम्याच्या दवाखान्यात औषधपाणी मिळायचं. माझी गालफुगी, बाबांचं बोट, आईची कंबर, सगळं त्या कार्डावर निभावलं. आई तर सरळ म्हणायची, ‘जरा विम्यात जाऊन येते.’ विमा म्हणजे दवाखाना, रांग, लाल औषधाची बाटली. यापलीकडे त्या शब्दाला काही अर्थ असेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी आठवीत गेले त्या वर्षी बाबांना स्टाफमध्ये घेतलं. निळा युनिफॉर्म गेला, फिकट शर्ट आला, गल्लीत पेढे वाटले. पगार एका ठरावीक रेषेच्या वर गेला की विम्याचं कार्ड बंद होतं, हे ऑफिसातल्या क्लार्कनं बाबांना सांगितलं होतं. बाबांनी ते घरी सांगितलं ते बढतीचाच एक भाग म्हणून. ‘आता आपल्याला त्या रांगेत उभं राहायला नको,’ ते म्हणाले. आईलाही ते बरंच वाटलं. तिनं कार्ड कॅलेंडरच्या खिळ्यावरून काढलं आणि ट्रंकेत टाकलं.

आणि पेढ्यांच्या वासानं यावेत तसे विमाकाका आले. दोन गल्ल्या सोडून राहायचे. नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, विम्याची एजन्सी काकूंच्या नावावर, पण बोलायचे सगळं काकाच. काकूंना मी कधी विम्याबद्दल अक्षर बोलताना ऐकलं नाही. काका माणूस फार मऊ. कालपर्यंत बाबांना ‘भाऊ’ म्हणायचे, त्या रविवारी त्यांनी बाबांना ‘साहेब’ म्हटलं आणि बाबा तिथेच विरघळले.

‘साहेब, कंपनीचं कार्ड गेलं ना? मग आता आपला स्वतःचा विमा पाहिजे,’ काका म्हणाले. बाबांनी मान डोलावली. एक विमा गेला, दुसरा विमा आला, हिशोब चोख. काकांनी रेक्झिनच्या बॅगेतून कागद काढले आणि सुरुवात केली, ‘माणसाच्या जिवाचं काय सांगावं, उद्या समजा...’ आत पोहे परतता परतता आई खोकली. गल्लीत तिचा तो खोकला सगळ्यांना ठाऊक होता. काकांनी लगेच गाडी वळवली. ‘म्हणजे उद्या, देव न करो, काही बरंवाईट झालंच, तर कंपनी घराच्या पाठीशी उभी.’

मी पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होते. मी विचारलं, ‘काका, बरंवाईट म्हणजे काय?’

आई माझ्या मागेच होती. चिमटा असा बसला की बशीतली कोथिंबीर उडाली. काका हसले, म्हणाले, ‘हुशार आहे पोरगी, शिकवा तिला,’ आणि पान उलटलं. प्रश्न तिथेच राहिला. ते गेल्यावर मी बाबांना गाठलं. बाबांनी मात्र मला समजावून सांगितलं. ‘अगं, बरंवाईट म्हणजे काहीही. माणूस पडतो, झडतो, हात मोडतो, आजारी पडतो. म्हणून तर विमा.’ बाबांनी ते इतक्या खात्रीनं सांगितलं की माझंही समाधान झालं. आजवर विमा म्हणजे तेच तर होतं.

त्याच बैठकीत काका आणखी एक वाक्य बोलले होते. ‘यात वहिनींचं नाव लावतो.’ तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर आली होती. हे वाक्य तिच्यासाठी किती मोठं होतं ते मला फार नंतर कळलं. आईचं माहेर निफाडजवळचं, द्राक्षबागेचं. आजोबांच्या मागे सातबाऱ्यावर मामांची नावं लागली. आईनं आणि मावशीनं तलाठ्यासमोर सही करून हक्क सोडला, साडीचोळी घेऊन परत आल्या. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण कुठल्याही कागदाकडे बघताना ती आधी हेच विचारायची, नाव कुणाचं लागलंय? कागदावर नाव लागलं की त्यात आपलंही काही आहे, एवढं सोपं तिचं गणित होतं. आणि आता एका छापील, शिक्क्याच्या कागदावर तिचं नाव लागणार होतं.

‘माझा पण विमा उतरवला,’ असं ती गल्लीत सांगायची. बोलताना मान जरा ताठ. त्या ‘उतरवणं’ या शब्दातही तिची एक गंमत होती. मी आजारी पडले की ती मीठ-मोहऱ्या माझ्यावरून उतरवून विस्तवात टाकायची. विमाही तसाच काहीतरी उतरवतात, आणि एकदा उतरवला की त्या माणसाला काही होत नाही, असा तिचा समज असावा. बाँड पोस्टानं आला तेव्हा तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं, लाल फडक्यात गुंडाळला आणि देवघरात ठेवला. सगळा इंग्रजीत होता. बाबांनी शिक्का बघितला, आईनं स्वतःचं नाव कुठे आहे ते माझ्याकडून बोट ठेवून दाखवून घेतलं. बाकी कुणी वाचला नाही.

मी वाचला. दिवाळीच्या साफसफाईत देवघर पुसायचं काम माझ्याकडे आलं आणि आई बाजारात गेली होती. मला राहवलं नाही. फडकं सोडलं, शाळेचा शब्दकोश घेतला आणि बसले. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं. पण ‘डेथ’ हा शब्द मला शब्दकोशाशिवाय येत होता. तो एका ठिकाणी सापडला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मग मला वाटलं, ‘हॉस्पिटल’ शोधू. सगळी पानं बोटानं चाळली. कुठेच नाही. बाबांचं नाव एका चौकटीत होतं, आईचं दुसऱ्या. आईच्या चौकटीवर ‘नॉमिनी’ असं लिहिलेलं. शब्दकोश म्हणाला, नामनिर्देशित व्यक्ती. म्हणजे काय ते शब्दकोशालाच माहीत. पण एवढं मला कळलं की हा कागद बाबांच्या मरणाबद्दल आहे, आजाराबद्दल नाही. मी बाँड होता तसा गुंडाळला, बोटांना लागलेली हळद फ्रॉकला पुसली.

कुणालाच सांगितलं नाही. देवघरातल्या वस्तूला हात लावायचा नाही हा एक कायदा, आणि तो शब्द तोंडातून काढायचा नाही हा दुसरा. दोन्ही मोडल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलीला वाटतं, मोठ्यांना माहीतच असेल. मलाही तसंच वाटलं, किंवा वाटून घेतलं.

संक्रांतीच्या आधी आईच्या पोटात दुखायला लागलं. बरगडीखाली, उजवीकडे. आधी ओवा झाला, मग हिंग, मग सोनोग्राफी. पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका, खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल. बाबा म्हणाले, ‘काही काळजी नाही, विमा आहे.’ आणि विमा आहे म्हणूनच त्यांनी चांगला खासगी दवाखाना निवडला, दुर्बिणीतून ऑपरेशन करणारा. तिथे फरशी इतकी स्वच्छ होती की आईनं दारात चपला काढल्या.

भरती व्हायच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आईच्या हातात पिशवी, त्यात दोन साड्या, तांब्या आणि लाल फडक्यातला बाँड. बाबांनी तो काउंटरवर सोडला. काउंटरवरच्या बाईंनी हळद झटकून तो चाळला. कापराचा वास आला असणार. त्या चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘काका, हे आम्हाला नको. हे वेगळं.’

‘विमाच आहे ना?’ बाबा म्हणाले.

‘आहे. पण हा तो नाही.’

बाबांनी बाहेरच्या पिवळ्या बूथवरून विमाकाकांना फोन केला. सुट्टी होती, काका स्कूटरवर धावत आले. बाकावर बाबांशेजारी बसले, रुमालानं कपाळ पुसलं. ‘साहेब, ही पॉलिसी म्हणजे काही बरंवाईट झालं तरच.’

‘मग झालंय की वाईट,’ बाबा म्हणाले. ‘खडे झालेत.’

‘तसं वाईट नाही हो.’

‘मग कसं?’

काकांनी आईकडे बघितलं. आई समोरच उभी होती, पिशवी पोटाशी धरून. त्यांना तो शब्द तिच्यासमोर काढता येईना. मला आजही तो क्षण आठवतो तेव्हा काकांचा राग येत नाही. त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं, फक्त आमच्या घराला चालेल असंच बोलले होते. पण त्या दिवशी मला सगळ्यांचाच राग आला होता, आणि मी बोलले.

‘बाबा, मरण. माणूस मेल्यावर पैसे मिळतात. तेही तुम्ही मेल्यावर. आईचं नाव पैसे घ्यायला आहे, नुसतं.’

चिमट्यासाठी मी दंड आवळून धरला. चिमटा आलाच नाही. आईनं काकांना विचारलं, ‘भाऊ, म्हणजे हे गेले तर मला. आणि मी गेले तर?’

‘वहिनी, तुमचा उतरवलेला नाही,’ काका खाली बघत म्हणाले. ‘तुमची कमाई नाही ना, म्हणून तसं कुणी सुचवत नाही.’

‘माझं नाव हाय की त्यात,’ आई म्हणाली. अस्वस्थ झाली की तिची निफाडची बोली वर यायची.

आईनं बाँड उचलला, फडक्यात बांधला, दारातल्या चपला घातल्या आणि चालू लागली. बाबा मागे, मी त्यांच्या मागे. रिक्षात ती एवढंच म्हणाली, ‘नाय करायचं ऑपरेशन.’ बाबांनी कारखान्यातून उचल घेतो म्हटलं, ती नाही म्हणाली. सिव्हिलमध्ये जाऊ म्हटलं, तरी नाही. दुखायचं तेव्हा ओट्याला कपाळ टेकून उभी राहायची आणि आम्ही आत गेलो की पोळी लाटायला लागायची. खडा केव्हाही अडकू शकतो, हे डॉक्टरांचं वाक्य मी आणि बाबा तोंडावर न आणता घरात घेऊन फिरत होतो. मी शाळेतून धावत घरी यायची. दार उघडायच्या आधी कुकरची शिट्टी ऐकू आली की मला हायसं वाटायचं.

तिचं नक्की काय दुखावलं होतं याचा मी खूप विचार केला आहे. पैशाचं नव्हतं ते. सातबाऱ्यावरून नाव गेलं ते तिनं स्वतः सही करून घालवलं होतं. इथे मात्र नाव लागलंय म्हणून ती इतके महिने मान ताठ करून फिरली, आणि तिथे ती फक्त नवऱ्याच्या मागे उरणारी बाई म्हणून होती. तिच्या स्वतःच्या दुखण्याला, जिवाला त्या कागदावर जागाच नव्हती.

शेवटी होळीच्या सुमारास एका दुपारी ती ओट्याजवळच बसली आणि उठेना. अंग तापलेलं, डोळे पिवळे. तेव्हा तिला विचारायला कुणी थांबलं नाही. शेजारच्यांच्या टेम्पोतून सिव्हिलला नेलं. आधी सलाईन, ताप उतरवणं, आणि पाचव्या दिवशी ऑपरेशन ठरलं, दुर्बिणीचं नाही, पोट उघडून. जोखीम आहे, असं डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. मी अर्थातच खांबामागून ऐकलं.

त्या सकाळी बाबा कागदांसाठी या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होते. मी आईच्या खाटेवर बसले होते. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, ‘तुला कधीपासून ठाऊक होतं?’

‘दिवाळीपासून.’

‘मग सांगितलं का नाय?’

‘तू चिमटा काढला असतास.’

मग तिनं माझा दंड धरला, नेमका आतल्या बाजूनं. मी अंग चोरलं. पण तिनं तिथे नुसता अंगठा फिरवला, हळूहळू, दुखऱ्या जागेवर तेल जिरवावं तसा.

‘ऐक,’ ती म्हणाली. ‘मी मेले तर...’

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आमच्या घरातला तो चिमटा त्या दिवशी माझ्या हातात आला होता. तिनं माझा हात बाजूला केला.

‘बोलू दे गं. मी मेले तर तुम्हाला कुणाकडून दमडी मिळायची नाय. तवा त्या डॉक्टरला सांग, नीट शिव म्हणावं.’

मी हसले आणि त्याच दमात रडले. आई पण हसली, पोट धरून, कळवळत. मग बाबा आले आणि पाठोपाठ स्ट्रेचर आलं. दाराशी नेल्यावर तिनं मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘येते.’

ती आली. बाहेर आली तेव्हा ग्लानीत होती, पण आली. नर्सनं एका बाटलीत खडे दिले, बारीक, मिरीएवढे. मी ते मोजायला लागले, तर बाबांनी बाटली काढून घेतली.

पुढे दोन हजार सालानंतर मी नाशिकमध्येच एका इस्पितळाच्या विम्याच्या टेबलावर नोकरीला लागले, आणि तिथे माझ्या चोंबडेपणाला पगार मिळायला लागला. समोर बसणारा प्रत्येक माणूस मला बाबांसारखा वाटायचा. एकानं मोटरसायकलच्या विम्याचे कागद आणले होते, कारण पाय त्या मोटरसायकलवरूनच पडून मोडला होता. एका आजोबांना कारखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी कंपनीचा विमा अजून चालू आहे असं धरून ते आले होते. एका बाईंनी परवा पॉलिसी घेऊन आज मोतिबिंदू काढायला घेतला होता, आणि एजंटानं फॉर्मवर ‘आजार नाही’ लिहिलंय म्हणजे आता आजार नाहीच, अशी त्यांची समजूत होती. मला या लोकांचं हसू कधी आलं नाही. मी एकच करायची, त्यांना नेमकं कोण काय म्हणालं होतं ते शब्दन् शब्द विचारायची. दहातल्या आठ वेळा गोंधळाच्या मुळाशी कुठलातरी असा मऊ, सभ्य शब्द निघायचा, जो सांगणाऱ्यानं एका अर्थानं उच्चारला आणि ऐकणाऱ्यानं दुसऱ्या.

पहिली दोन वर्षं पगार पुरवून पुरवून पैसे साठवले आणि मी आईसाठी आजारपणाचा विमा काढायचं ठरवलं. तिच्या एकटीच्या नावानं. एजंट म्हणून माझ्या ओळखीची, माझ्याच वयाची एक बाई घरी आली. आईनं चष्मा लावला, खुर्ची ओढून अगदी तिच्यासमोर बसली. बाबा पेपर वाचायचं नाटक करत होते.

‘आधी कुठलं ऑपरेशन?’ एजंट बाईंनी विचारलं, आणि हळूच म्हणाल्या, ‘जुनं असेल तर राहू द्या, नाही लिहिलं तरी चालतं.’

‘लिहा,’ आई म्हणाली. ‘पित्ताची पिशवी काढलीय. सिव्हिलला. इथून इथपर्यंत चिरलंय.’ तिनं पदर सावरून जागा दाखवली.

बाईंनी लिहिलं. मग त्या समजावून सांगायला लागल्या, आणि त्यांच्याही तोंडून ते वाक्य आलं. ‘म्हणजे आई, देव न करो, उद्या काही बरंवाईट झालं तर...’

माझा हात आपोआप दंडावर गेला.

‘बरंवाईट म्हणजे काय?’ आईनं विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

‘आजारपण का मरण?’ आई म्हणाली. ‘दोन्ही वेगळी आहेत. यात कुठलं?’

‘आजारपण,’ बाई म्हणाल्या. ‘मरण नाही यात. त्याला दुसरी पॉलिसी लागते.’

‘हं. मग तसं म्हणा.’ आईनं कागद स्वतःकडे वळवला, हा मराठीतही छापलेला होता. ‘आता माझं नाव कुठल्या रकान्यात आहे ते दाखवा.’

बाईंनी बोट ठेवलं. आईनं त्यांचं बोट बाजूला सारून तिथे स्वतःचं ठेवलं, आधी रकान्यावरचा शब्द वाचला, विमाधारक, आणि मग त्याखालचं स्वतःचं नाव वाचलं, मोठ्यानं, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावाशिवाय.